कंपायलरची स्थिर आवृत्ती काढताना: फीचर फ्रीझपासून पहिल्या दुरुस्ती आवृत्तीपर्यंत

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम. त्यातला दोष बहुतेक वेळा दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडा पडतो. ज्याचा प्रोग्रॅम कोसळतो तो बिचारा दोन दिवस स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो, आणि ती तिथे नसतेच. शिवाय चुकीची आवृत्ती तुम्ही मागे घेतलीत, तरी तिने बांधलेल्या बायनरी, म्हणजे थेट चालणाऱ्या फाइली, लोकांच्या यंत्रांवर तशाच चालत राहतात. म्हणून कंपायलरच्या स्थिर आवृत्तीची आखणी जरा जास्त काटेकोरपणे करावी लागते.

पगारी रिलीज टीम नाही, पण लिनक्स, विंडोज, मॅकओएस आणि दोन-चार प्रोसेसर तर सांभाळायचे आहेत, अशा मुक्त स्रोत प्रकल्पांसाठी हा लेख आहे. जीसीसी, एलएलव्हीएम, रस्ट, गो, फ्री पास्कल या कंपायलर प्रकल्पांची उदाहरणं जागोजागी येतील, कारण त्यांचे निर्णय आणि फसगती सगळ्यांना वाचायला खुल्या आहेत. त्यांचं वेळापत्रक मात्र जसंच्या तसं उचलू नका. तारीख ठरवायच्या आधी कोणता प्लॅटफॉर्म कोणाच्या गळ्यात आहे हे ठरवा, एवढंच माझं मुख्य म्हणणं आहे.

पायरी १: ‘स्थिर’ म्हणजे नेमकं काय, ते लिहून काढा

अर्ध्या पानाचा मजकूर पुरतो. पुढच्या आवृत्तीतही काय चालत राहील आणि कशाची हमी नाही, या दोन याद्या करा. भाषेचा अर्थ, मानक लायब्ररीतली सार्वजनिक फंक्शनं, कमांड लाइनचे पर्याय आणि बायनरी पातळीवरची जुळणी, म्हणजे एबीआय, या चार गोष्टींवर प्रत्येकी एक तरी वाक्य हवंच. एरर मेसेजचे शब्द, ऑप्टिमायझरचं, म्हणजे तयार होणारा कोड वेगवान करणाऱ्या भागाचं, नेमकं वागणं आणि कंपायलरच्या अंतर्गत फाइलींची रचना सहसा हमीबाहेर ठेवतात. फ्री पास्कलच्या कंपाइल केलेल्या युनिट फाइली आवृत्ती बदलली की पुन्हा बांधाव्या लागतात. हे उघड सांगितलेलं असल्यामुळे त्यावरून कोणी भांडत नाही.

गोने मार्च २०१२ मध्ये पहिली आवृत्ती काढतानाच सुसंगततेचं वचन लेखी दिलं. एबीआयचं वचन त्याहून अवघड असतं. २०१५ मध्ये जीसीसी ५ ने सी++११ च्या नियमांसाठी मानक स्ट्रिंगची अंतर्गत रचना बदलली, तेव्हा जुनी आणि नवी अशा दोन्ही रचना एकाच लायब्ररीत शेजारी-शेजारी ठेवाव्या लागल्या. तुमच्याकडे असली कसरत करायला माणसं नसतील, तर एबीआयची हमी फक्त एका मालिकेपुरती द्या, उदाहरणार्थ ३.२.० ते ३.२.९. आणि तसं ठळक लिहा.

आकडेपद्धतही इथेच ठरवून टाका. फ्री पास्कलमध्ये मधला आकडा विषम असला की ती विकासातली आवृत्ती, सम असला की स्थिर. जीसीसीमध्ये पाचव्या आवृत्तीपासून ‘.०’ विकासासाठी राखीव आहे आणि पहिली स्थिर आवृत्ती ‘.१’ असते. एलएलव्हीएमनेही २०२४ मध्ये अठराव्या आवृत्तीपासून हीच रीत उचलली. कोणीतरी बग नोंदवताना नुसता आकडा लिहितो, आणि त्या आकड्यावरूनच ती विकासातली प्रत होती की प्रकाशित झालेली, हे कळायला हवं. या गोंधळाचं गाजलेलं उदाहरण म्हणजे जीसीसी २.९६. २००० साली रेड हॅटने विकासातल्या प्रतीवर बेतलेला कंपायलर या आकड्यानिशी आपल्या लिनक्ससोबत दिला. ‘अशी आवृत्ती आम्ही काढलेलीच नाही’ असा खुलासा जीसीसीच्या सुकाणू समितीला करावा लागला. अधिकृत ३.० त्यानंतर, जून २००१ मध्ये आली.

पायरी २: प्लॅटफॉर्मची यादी, आणि प्रत्येकापुढे एक नाव

रस्टची तीन स्तरांची मांडणी मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. पहिल्या स्तरावर ‘चालेल याची हमी’, दुसऱ्यावर ‘बांधला जाईल याची हमी’ आणि तिसऱ्यावर ‘कोड आहे, बाकी तुमचं तुम्ही पाहा’. लहान प्रकल्पालाही हेच तीन कप्पे पुरतात. फक्त प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव लिहायचं. नाव मिळालं नाही, तर तो प्लॅटफॉर्म तिसऱ्या स्तरावर. भावना दुखावतील, दुखावू द्या. सात वर्षांपूर्वी कोणीतरी हौसेने जोडलेलं टार्गेट पहिल्या स्तरावर ठेवून रिलीज त्याच्यासाठी दीड महिना अडवण्यापेक्षा ते बरं.

यादी करताना होस्ट आणि टार्गेट वेगळे लिहा. कंपायलर जिथे चालतो तो होस्ट, ज्याच्यासाठी कोड तयार करतो ते टार्गेट. तीन होस्ट आणि पाच टार्गेट म्हणजे पंधरा जोड्या झाल्या. सगळ्या तपासणं जमणार नाही, तेव्हा कोणत्या तपासणार ते आत्ताच ठरवा.

प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची किमान आवृत्तीही लिहायची. लिनक्सवर हा प्रश्न मुख्यतः जीलिबसीचा, म्हणजे तिथल्या मूलभूत सी लायब्ररीचा. लिनक्सच्या नव्या डिस्ट्रिब्युशनवर (तयार संचावर) बांधलेली बायनरी जुन्या जीलिबसीवर सुरूच होत नाही, म्हणून आधार द्यायचा त्यातल्या सगळ्यात जुन्या सिस्टिमवर, किंवा तिच्या कंटेनरमध्ये, बांधणी करावी. रस्टने सप्टेंबर २०२२ मध्ये १.६४ पासून किमान जीलिबसी २.१७ वर नेली. मूळची २०१२ सालची लायब्ररी ती! एवढी जुनी मर्यादासुद्धा बदलायची तर आधी जाहीर करून बदलतात. एखादं टार्गेट काढून टाकायचं असेल, तर एका आवृत्तीत ‘कालबाह्य’ म्हणून घोषित करा आणि पुढच्या आवृत्तीत काढा. कधीकधी त्या घोषणेनेच कोणीतरी सांभाळायला पुढे येतं.

पायरी ३: तारखेपासून उलटं मोजा

फीचर पूर्ण झाली की रिलीज, की तारीख आली की रिलीज? मी दुसऱ्या बाजूचा. रस्ट दर सहा आठवड्यांनी, गो फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, एलएलव्हीएम सहा महिन्यांनी, जीसीसी साधारण वर्षाने एकदा. स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला वर्षातून एक मोठी आवृत्ती झेपते. अंतर फार वाढलं की मुख्य शाखा (रोजचं काम चालतं ती कोडची प्रत) आणि स्थिर शाखा (प्रकाशित आवृत्तीची प्रत) इतक्या दूर जातात की प्रत्येक पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, उचलताना मारामारी होते. फ्री पास्कल ३.०.० नोव्हेंबर २०१५ मध्ये आली आणि ३.२.० जून २०२० मध्ये. मधल्या काळात दुरुस्ती आवृत्त्या निघाल्या, तरी नवी फीचर हवी असलेल्यांना विकासातली प्रतच वापरावी लागली.

वार्षिक आवृत्तीसाठी एक कच्चा आराखडा असा:

- १४ आठवडे आधी: प्लॅटफॉर्मची यादी आणि नावं पक्की, तारीख जाहीर
- १२ आठवडे आधी: फीचर फ्रीझ, म्हणजे इथून पुढे नवं फीचर घेणं बंद
- ८ आठवडे आधी: रिलीज शाखा
- ७ आठवडे आधी: पहिला रिलीज कँडिडेट, म्हणजे तपासणीसाठी दिलेली संभाव्य अंतिम प्रत
- ४ आठवडे आधी: दुसरा कँडिडेट, इथून पुढे फक्त रिग्रेशनच्या, म्हणजे आधी चालत होतं ते मोडलं अशा बगच्या, दुरुस्त्या
- १ आठवडा आधी: शेवटचा कँडिडेट

फ्रीझच्या आदल्या रात्री अर्धवट कोड ओतला जातो, हे सगळीकडचं चित्र आहे. त्यावर साधा उपाय म्हणजे ‘फ्रीझच्या दिवशी ज्याच्या टेस्ट सगळ्या पहिल्या स्तरावर हिरव्या नाहीत, ते फीचर बंद करून ठेवलं जाईल’ हा नियम दोन महिने आधी सांगून ठेवणं. त्यासाठी नव्या फीचरना सुरुवातीपासून बंद-चालू करण्याचा पर्याय असायला हवा. शेवटच्या घटकेला कोड उपटून काढणं म्हणजे नवे बग पेरणंच.

पायरी ४: शाखा फोडा आणि दाराशी एक माणूस उभा करा

शाखा कधी फोडायची याच्या दोन पद्धती आहेत. एलएलव्हीएम आधी शाखा फोडतं आणि कँडिडेट त्या शाखेवरून काढतं, त्यामुळे मुख्य शाखेवरचं काम थांबत नाही. जीसीसी मुख्य शाखेवरच फक्त रिग्रेशन आणि डॉक्युमेंटेशनच्या दुरुस्त्या घेत राहतं, आणि सर्वोच्च प्राधान्याची, म्हणजे पी१ दर्जाची, रिग्रेशन शून्यावर आली की मग शाखा काढतं. दुसऱ्या पद्धतीत सगळ्यांनाच बग निस्तरायला बसवता येतं. पहिलीत लोक लगेच नव्या खेळण्याकडे पळतात. माणसं कमी असतील तर मी दुसरी निवडेन, किंवा वरच्या आराखड्यासारखा मधला मार्ग: फ्रीझनंतर महिनाभर सगळे मिळून सफाई, मग शाखा.

शाखा फुटल्यावर नियम एकच. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत जाते, तिथे दोन-तीन दिवस सगळ्या प्लॅटफॉर्मवर टिकते, आणि मगच चेरी-पिक होऊन, म्हणजे तेवढीच उचलून, स्थिर शाखेत येते. थेट स्थिर शाखेत टाकलेली दुरुस्ती मुख्य शाखेत न्यायची राहून जाते आणि पुढच्या वर्षी तोच बग परत दारात उभा असतो.

कोणती दुरुस्ती आत घ्यायची हे रिलीज मॅनेजर ठरवतो, आणि त्याचं खरं काम ‘नाही’ म्हणणं हेच असतं. हे सोपं व्हावं म्हणून बगची उतरंड आधीच ठरवा. सगळ्यात वर गुपचूप चुकीचा कोड तयार करणारा बग. तो सापडला की रिलीज थांबते, मग तो कितीही विरळ असो. त्याखाली, आधीच्या स्थिर आवृत्तीत चालणारा वैध कोड आता नाकारला जाणं. मग कंपायलर स्वतः कोसळणं. हे दिसायला भयानक, पण वापरणाऱ्याला निदान लगेच कळतं. अवैध कोड स्वीकारला जाणं बहुधा पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबू शकतं. कंपायलर मंदावला असेल तर किती, ते मोजून ठरवा.

जो बग आधीच्या स्थिर आवृत्तीतही होता, त्याच्यासाठी रिलीज अडवू नका. लोक त्याच्यासोबत वर्षभर जगले आहेत. शेवटच्या दोन आठवड्यांत त्याची दुरुस्ती घेतलीत, तर ओळखीचा बग देऊन अनोळखी बग घेतल्यासारखं होईल.

पायरी ५: बूटस्ट्रॅप

तुमचा कंपायलर त्याच्याच भाषेत लिहिलेला असेल, तर तो बांधायला आधीचा कंपायलर लागतो. अशा बांधणीला बूटस्ट्रॅप म्हणतात. कोणता, हे नेमकं लिहा. फ्री पास्कलमध्ये सहसा शेवटची स्थिर आवृत्ती. गोने १.५ मध्ये, ऑगस्ट २०१५ ला, कंपायलर सीमधून गोमध्ये आणला. पुढे १.२० बांधायला किमान १.१७ लागेल असं ठरवलं. डिस्ट्रिब्युशनवाल्यांना ही साखळी एकेक कडीने चढावी लागते, म्हणून ती मधेच कुठे तुटू देऊ नका.

तीन टप्प्यांचा बूटस्ट्रॅप हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निर्दय टेस्ट आहे. जुन्या कंपायलरने नवा बांधा, हा पहिला. पहिल्याने पुन्हा तोच सोर्स बांधा, हा दुसरा. दुसऱ्याने तिसरा. दुसरा आणि तिसरा बाइट-दर-बाइट सारखे यायला हवेत. नाही आले, तर एकतर नवा कंपायलर चुकीचा कोड तयार करतोय, किंवा त्याचं वागणं कशावर तरी अवलंबून आहे ज्यावर ते असू नये: फाइलीत घुसलेली वेळ, मेमरीतल्या पत्त्यांच्या क्रमाने फिरणारा लूप, वगैरे.

हीच कसोटी आडवी लावली की अजून मजा येते. एकाच टार्गेटसाठी, समजा ६४-बिट एआरएम लिनक्ससाठी, विंडोजवरून आणि मॅकओएसवरून क्रॉस-कंपाइल करा, म्हणजे टार्गेटहून वेगळ्या होस्टवर बांधा. दोन्ही आउटपुट एकसारखे हवेत. फरक दिसला की नेहमीचे संशयित तपासा. ६४-बिट विंडोजवर सीचा ‘लाँग’ ३२ बिटांचा, लिनक्सवर ६४ चा. एक्स८६ प्रोसेसरच्या जुन्या एक्स८७ गणन-एककात ८० बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट (अपूर्णांकी) संख्या असतात, एआरएमवर नसतात, त्यामुळे कंपाइल करतानाच मोजलेले स्थिरांक शेवटच्या अंकात हलतात. आणि सॉर्टिंग! सारख्या किमतींचे घटक कोणत्या क्रमाने येतील हे प्रत्येक सिस्टिमच्या क्यूसॉर्टवर अवलंबून असतं. जीसीसीने नवव्या आवृत्तीत यासाठी स्वतःचं सॉर्टिंग फंक्शन आणलं.

पायरी ६: स्वतःच्या टेस्टपलीकडे

टेस्टसंच पूर्ण हिरवा कधीच नसतो. प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी ‘माहीत असलेली अपयशं’ नोंदवून ठेवा आणि तुलना मागच्या स्थिर आवृत्तीच्या यादीशी करा. पाहायचं असतं ते नव्याने पडलेलं. सगळे ऑप्टिमायझेशन स्तर चालवा, नुसता डीफॉल्ट नको.

ज्या यंत्राचं हार्डवेअर नाही तिथे क्यूईएमयू हे यंत्राचं अनुकरण करणारं साधन चालतं, पण एक मर्यादा लक्षात ठेवा: एक्स८६ यंत्रावर एआरएमचं अनुकरण करताना एआरएमची सैल मेमरी-क्रमवारी (मेमरीतली वाचनं-लेखनं मागेपुढे होऊ देण्याची मुभा) खऱ्यासारखी दिसत नाही. ॲटॉमिक (एका झटक्यात पूर्ण होणाऱ्या) सूचनांमधले बग तिथे लपून राहतात. पहिल्या स्तरावरच्या प्लॅटफॉर्मला म्हणून खरं हार्डवेअरच हवं. हे कोणाच्या तरी टेबलाखालचं जुनं यंत्र असलं तरी चालतं.

मग बाहेरचा कोड. रस्टचं क्रेटर हे साधन प्रकाशित पॅकेजेस जुन्या आणि नव्या कंपायलरने बांधून फरक दाखवतं. फेडोरा ही लिनक्स डिस्ट्रिब्युशन आपल्या वसंत ऋतूतल्या आवृत्तीसाठी प्रकाशित न झालेल्या जीसीसीनेच सगळी पॅकेजेस पुन्हा बांधते, आणि त्यातून जीसीसीला फुकटात प्रचंड तपासणी मिळते. तुमच्याकडे एवढं नसेल, तर तुमच्या भाषेतले वीस-पंचवीस मोठे प्रकल्प निवडा आणि प्रत्येक कँडिडेटसोबत बांधा. नुसते बांधू नका, त्यांच्या टेस्टही चालवा. जुलै २०२४ मध्ये रस्ट १.८० च्या मानक लायब्ररीत एका प्रकारासाठी नवी सोय आली. तेवढ्याने टाइप अनुमान (प्रकार कोणता ते कंपायलरने स्वतः ओळखणं) संदिग्ध झालं आणि ‘टाइम’ या लोकप्रिय पॅकेजच्या जुन्या आवृत्त्या बांधल्या जाईनात. काहीही न काढता, फक्त जोडूनही मोडतोड होते, ती अशी.

यादृच्छिक प्रोग्रॅम तयार करणाऱ्या साधनांनाही एक आठवडा द्या. युटा विद्यापीठातल्या सीस्मिथने २०११ पर्यंत वेगवेगळ्या सी कंपायलरमध्ये ३२५ हून अधिक अज्ञात बग शोधले होते. तुमच्या भाषेसाठी तसं साधन नसेल, तर दोन ऑप्टिमायझेशन स्तरांचे निकाल ताडून पाहणारी छोटी स्क्रिप्टही बरंच काही बाहेर काढते.

पायरी ७: पॅकेज

कँडिडेट ज्या स्क्रिप्टने बांधाल त्याच स्क्रिप्टने अंतिम आवृत्ती बांधा. ‘शेवटची एक हाताने करू’ असं म्हणाल तिथे घोळ होतो.

सोर्स टारबॉल (सगळ्या सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) टॅगवरून, म्हणजे कोडच्या इतिहासातल्या आवृत्तीच्या खुणेवरून, स्वच्छ यंत्रावर, आपोआप तयार व्हायला हवा. मार्च २०२४ मध्ये उघड झालेल्या एक्सझेड या फाइली आकसणाऱ्या साधनाच्या घातपातात चोरदार उघडणारी बांधणीची फाइल ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमध्ये होती, गिट रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या मूळ साठ्यात, नव्हती. टारबॉल आणि टॅग यांची तुलना कोणालाही करता यावी, हा त्यातून घ्यायचा धडा. फाइलींच्या वेळेसाठी ‘सोर्स डेट इपॉक’ हा व्हेरिएबल वापरा, म्हणजे दुसऱ्याने बांधलं तरी तेच बाइट येतील. चेकसम (फाइल तीच आहे हे ताडायचा आकडा) आणि सही सोबत द्या. सहीची किल्ली दोन माणसांकडे असू द्या.

मॅकओएसवर २०१९ च्या कॅटालिनापासून बाहेरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरला ॲपलचं नोटरायझेशन, म्हणजे तपासून दिलेली मान्यता, लागतं. ॲपल सिलिकॉनवर तर सही नसलेली मूळ बायनरी चालतच नाही, म्हणजे तुमचा कंपायलर जे तयार करतो त्यावरही लिंकरने (तुकडे जोडून बायनरी करणाऱ्या साधनाने) निदान तात्पुरती सही करायला हवी. सहीनंतर बायनरीत फेरफार करणारं साधन चालवलं की सही मोडते. हा क्रम स्क्रिप्टमध्ये नीट पाहा. विंडोजवर २६० अक्षरांची जुनी पाथ-मर्यादा, फोल्डरच्या नावातली मोकळी जागा आणि नव्या अनोळखी बायनरीवर संशय घेणारे अँटिव्हायरस, हे तिघं ठरलेले पाहुणे. नुकत्याच स्थापित केलेल्या सिस्टिमवर इन्स्टॉलर चालवून ‘हॅलो वर्ल्ड’ बांधून पाहिल्याशिवाय कुठलंही पॅकेज पुढे पाठवू नका. विकसकाच्या यंत्रावर सगळं आधीच असतं, त्यामुळे तिथे केलेली ही चाचणी निरुपयोगी.

परवान्याच्या फाइली पॅकेजमध्ये आहेत का तेही बघा. रनटाइम लायब्ररी वापरणाऱ्याच्या बायनरीत मिसळते, म्हणून जीसीसी आणि फ्री पास्कल तिच्यासाठी परवान्यात वेगळी सूट देतात. ती सूट पॅकेजमधून गळाली, तर कंपन्यांचे वकील जागे होतात.

पायरी ८: बदलांची टिपणं

ही शेवटच्या आठवड्यात बसून लिहू नका. फीचर किंवा मोडतोड करणारा बदल मर्ज होतानाच त्याचं टिपण मागा. नव्या फीचरच्या यादीपेक्षा ‘तुमचा जुना कोड आता का बांधला जात नाही’ हे पान जास्त वाचलं जातं. जीसीसी १० ने २०२० मध्ये सीच्या जागतिक चलांबाबतचा डीफॉल्ट कडक केला, आणि १४ ने २०२४ मध्ये घोषणेशिवाय फंक्शन वापरणं हा इशाऱ्याऐवजी एरर केला. दोन्ही वेळी जुन्या कोडचे ढीग अडकले, आणि दोन्ही वेळी काय बदलायचं व तात्पुरतं जुनं वागणं कसं मिळवायचं, हे सांगणारं पान तयार होतं. प्रत्येक मोडतोडीसाठी तीन ओळी: आधीचा कोड, नवा कोड, तात्पुरता पर्याय.

पायरी ९: रिलीजचा दिवस

टॅग, बांधणी, सही, अपलोड, मिरर (इतर सर्व्हरवरच्या प्रती) पसरेपर्यंत थांबणं, उतरवून पुन्हा तपासणं, आणि मगच घोषणा. शुक्रवारी नको. एकदा जगाला दाखवलेला टॅग हलवायचा नाही. अगदी टॅग लावल्यावर दहा मिनिटांनी चूक सापडली, तरी नवा आकडा घ्या. आकडे फुकट आहेत.

पायरी १०: पहिले दोन महिने

घोषणेनंतरच्या पंधरवड्यात जे बग येतात ते कँडिडेटच्या सगळ्या आठवड्यांत आले नव्हते, कारण बहुसंख्य लोक कँडिडेट वापरतच नाहीत. म्हणून पहिल्या दुरुस्ती आवृत्तीची तारीख मूळ योजनेतच टाका, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, आणि रिलीज मॅनेजरला तोपर्यंत सुट्टी देऊ नका.

चुकीचा कोड तयार करणारा बग निघाला, तर तारखेची वाट न पाहता लगेच आवृत्ती काढा. दुरुस्ती हाताशी नसेल, तर ते फीचरच बंद करा. रस्ट १.५२.० ६ मे २०२१ ला आली. इन्क्रिमेंटल कंपायलेशनमध्ये (फक्त बदललेला भाग पुन्हा बांधण्याच्या सोयीत) चुकीचा कोड तयार होण्याची शक्यता दिसल्यावर चारच दिवसांत १.५२.१ काढून ती सोयच डीफॉल्टने बंद केली गेली. बांधणी मंदावली, पण हाती आलेल्या बायनरीवर विश्वास ठेवता आला.

जुनी शाखा कधी मिटवायची हेही जाहीर असावं. गोचा नियम असा की पुढच्या दोन मोठ्या आवृत्त्या येईपर्यंत आधार. लहान प्रकल्पाने एकच मागची आवृत्ती सांभाळली तरी चालतं. मिटवताना शेवटची दुरुस्ती आवृत्ती काढा, शाखेवर लिहिण्याची परवानगी बंद करा आणि तिच्यावर उघडे राहिलेले बग एकेक करून पाहा: मुख्य शाखेत अजून घडतात ते पुढच्या आवृत्तीच्या खात्यात टाका, बाकीचे ‘या शाखेत दुरुस्त होणार नाही’ अशी ओळ लिहून बंद करा.